दिनकरकाका, तुम्ही पुरेसे मोडलेले नव्हतात

तुम्हाला एक विचारायचं आहे. माणूस किती मोडलेला असला म्हणजे त्याला राहायला खोली द्यावी?

घाईनं "सगळ्यांनाच द्यावी" असं म्हणू नका. मीही तेच म्हणते, आणि त्यावर माझं एका माणसाशी झालेलं भांडण अजून मिटलेलं नाही. खोल्या थोड्या आहेत, माणसं जास्त आहेत. टेबलाच्या पलीकडे एक माणूस बसलाय, आणि त्याला प्रश्न विचारून तुम्ही ठरवायचंय, की हा आता आत घेण्याइतका मोडलाय की अजून एखादा हिवाळा बाहेर तग धरेल. आपण राहतो त्या या देशात हे ठरवणं ही कुणाची तरी रोजची नोकरी आहे. जो पुरेसा मोडलेला ठरतो त्याला कचेरीच्या भाषेत 'व्हल्नरेबल' म्हणतात. मदत मिळाली नाही तर ज्याचं काही खरं नाही, असा माणूस. बाकीच्यांनी थांबायचं.

दिनकरकाका थांबले. गेल्या आठवड्यात ते गेले. इथून पुढे मी त्यांच्याशीच बोलणार आहे. तुम्ही ऐकत राहा. शेवटी तुमच्याकडे माझं एक काम आहे.

काका,

तुमची माहिती मी लिहीत नाही. जन्म कुठला, शिक्षण किती, कॅनडात कधी आलात, हे सगळं इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर येऊन गेलं. खाली हात जोडल्याची चित्रं, एकाखाली एक. कुणीतरी लिहिलं, 'सदैव हसतमुख व्यक्तिमत्त्व हरपले.' आणि नावापुढे, 'राहणार मिसिसागा.' तेही खोटं नव्हतं म्हणा. एअरपोर्ट मिसिसागातच येतो.

मी तुम्हाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तुम्ही अरायव्हल्सच्या रेलिंगला टेकून उभे होतात. इस्त्रीचा शर्ट, वर जाड कोट, शेजारी निळी बॅग. मी दोन बॅगा आणि एक खोकं ढकलत बाहेर आले होते, आणि मला घ्यायला येणारी मैत्रीण फोन उचलत नव्हती. खोक्यावर बाबांनी ऑइल पेंटनं 'नागपूर' असं लिहिलं होतं, मोर्चाच्या फलकावर लिहितात तसल्या अक्षरांत.

"एवढं मोठं?" तुम्ही विचारलंत. "पायलटला वाचता यावं म्हणून काय?"

मराठी ऐकलं आणि मला रडूच फुटलं. तुम्ही काही वेळ इकडेतिकडे बघत राहिलात. मग म्हणालात, "झालं? आता जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढ. बाहेर जाऊन ओढीन म्हणालीस तर हात चालत नाहीत. आणि घरी फोन कर. आई रडायला लागली तर आपण रडायचं नाही. नेटवर्क गेलं म्हणायचं आणि ठेवायचं."

खोकं तुम्ही उचललंत. बसमध्ये चढवून दिलंत, मला कुठे उतरवायचं ते ड्रायव्हरला सांगितलंत, आणि परत आत गेलात. मला वाटलं, ज्यांना घ्यायला आला आहात त्यांचं विमान उशिरा असणार.

मग मला त्याच टर्मिनलमधल्या कॉफीच्या दुकानात पार्ट-टाइम काम मिळालं, आणि तुम्ही रोज दिसायला लागलात. तीच बॅग, तेच रेलिंग. "आज कोण येतंय काका?" मी विचारायची. "नाशिकची एक पोरगी आहे," तुम्ही सांगायचात, "आणि दुपारच्या विमानाला कोण असलं तर बघू." मराठी पोरं तुम्ही लांबून ओळखायचात. म्हणायचात, "ज्याच्या ट्रॉलीवर कुकरचं खोकं आणि तोंडावर 'मला सगळं माहीत आहे' असा भाव, तो आपला." तुम्ही कुठल्यातरी संस्थेचे स्वयंसेवक आहात अशी माझी पक्की समजूत होती.

माझ्या नागपुरी बोलण्याची तुम्ही यथेच्छ टिंगल केलीत. काउंटरवर येऊन मुद्दाम विचारायचात, "काय करून राहिली बाप्पा?" तुमची मिरज, तुमचं "होय की" आणि "बघ की", त्यावर मी काही बोलले तर म्हणायचात, "आमची भाषा शुद्ध आहे, तुमची उन्हानं वाकलेली." एकदा मी सांगितलं, की माझे बाबा वीज कामगारांच्या युनियनचे, आमच्या घरी पेपराआधी पत्रकं यायची आणि मी अक्षरं ओळखायला शिकले तीच मुळी पत्रकांच्या घड्या घालता घालता. त्या दिवसापासून तुम्ही मला 'पत्रकबाई' म्हणायला लागलात.

पुढे एकदा मला सकाळची पहिली शिफ्ट लागली. मी आले तेव्हा अरायव्हल्सच्या अगदी टोकाच्या बाकावर तुम्ही झोपलेले होतात. डोक्याखाली कोट, बॅगेचा पट्टा मनगटाला गुंडाळलेला. मी उभीच राहिले. तुम्ही डोळे उघडलेत आणि म्हणालात, "विमान लेट आहे."

"कुठलं?" मी विचारलं.

तुम्ही उठून बसलात, केसांवरून हात फिरवलात. "कॉफी दे एक. साखर नको."

या विषयावर आपलं पहिलं बोलणं एवढंच झालं. बाकीचं तुम्ही पुढे तुकड्यातुकड्यांनी सांगितलंत, तेही दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. वेअरहाउसमधली नोकरी गेली. राहत होतात ते बेसमेंट असलेलं घर मालकानं विकलं. नवीन खोलीला दोन महिन्यांचं भाडं आगाऊ आणि नोकरीची चिठ्ठी लागते. बेघरांसाठीचं शेल्टर एकदा करून पाहिलंत. "तिथं माणसं झोपेत ओरडतात," म्हणालात. "इथं निदान घोषणा तरी होतात. काय चाललंय ते कळतं."

आणि दर रविवारी तुम्ही मिरजेला बहिणीला फोन करायचात. रेलिंगपासून लांब, खांबाच्या आड उभं राहून. "होय की ताई, जेवलो. होय, हीटिंग चांगलं आहे."

एअरपोर्टवर बेघर माणसांची चौकशी करणारी मंडळी अधूनमधून येतात. त्यांनी तुम्हाला कार्ड दिलं होतं. तुम्ही ते शर्टाच्या खिशात महिनाभर फिरवलंत. शेवटी फोन मी लावला आणि मिसिसागातल्या एका ड्रॉप-इन सेंटरची, म्हणजे बेघरांनी दिवसा येऊन बसायच्या जागेची, वेळ घेतली. हिवाळा तोंडावर आला होता. एक मुलाखत होईल, त्यावरून घरासाठीच्या यादीत तुमची जागा ठरेल, एवढंच आपल्या दोघांना कळलं होतं.

तुम्ही केस कापून घेतलेत. टाय लावलात. तो टाय कुठून आणलात ते मला आजवर कळलेलं नाही. सेंटरच्या बाहेर बाकावर एक बाई बसली होती, एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा, प्लास्टिकच्या पिशव्या छातीशी धरून स्वतःशीच बोलत होती. तुम्ही तिला "गुड मॉर्निंग, मॅडम" म्हणालात आणि तिच्यासाठी दार धरून उभे राहिलात. ती उठलीच नाही.

आत केली नावाची बाई होती. ती चांगली होती, हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण आमच्या घरच्या पत्रकांत टेबलापलीकडचा माणूस नेहमी वाईट असायचा. तिनं तुम्हाला पाणी दिलं. नको त्या प्रश्नांना उत्तर न देण्याची मोकळीक आहे असं सांगितलं. ती विचारत गेली आणि तुम्ही उत्तरं देत गेलात.

रात्री कुठे झोपता? "एअरपोर्टवर. फार स्वच्छ आहे, हीटिंग असतं."

कुणी मारहाण, दमदाटी? "छे. सिक्युरिटीवाले मला सर म्हणतात."

आंघोळ, कपडे, जेवण जमतं का? "रोज." तुम्ही कॉलर नीट केलीत.

आजार? "थोडी शुगर. आमच्याकडे सगळ्यांनाच असते."

दारू, नशा? तुम्ही नुसते हसलात.

दिवसभरात असं काही करता का, ज्यानं बरं वाटतं? इथे तुमचा चेहराच उजळला. तुम्ही तिला सगळं सांगितलंत. विमानांच्या वेळा, पोरांची खोकी, बस कुठून सुटते, कोण पहिल्यांदा बर्फ बघून कसं घसरलं. केलीनं लिहिणं थांबवून ऐकलं. मलाही क्षणभर वाटलं, की ही आता हातात किल्लीच ठेवते.

आणि अडचणीला कोण आहे तुम्हाला?

"ही आहे की," तुम्ही म्हणालात आणि माझ्या खांद्यावर थोपटलंत. "अशा पुष्कळ आहेत माझ्या."

निघताना केली म्हणाली, तुम्ही स्वतःला फार छान सांभाळलंय, मला खरंच कौतुक वाटतं. तुम्ही तिचे आभार मानून कोट आणायला गेलात. मी तिला विचारलं, आता पुढे काय. ती आवाज खाली घेऊन बोलली. गुण कमी आलेत. नाव यादीत राहील, पण जास्त धोक्यात असलेल्यांच्या मागे. आणि यांना तुझ्यासारखी माणसं आहेत ही फार मोठी गोष्ट आहे, असंही ती म्हणाली.

"मी विद्यार्थी आहे," मी म्हटलं. "आम्ही पाच जणी एका बेसमेंटमध्ये राहतो. मी यांना काय देणार?"

"सपोर्ट," ती म्हणाली. तिला ते मनापासून वाटत होतं.

बसमध्ये तुम्ही खुशीत होतात. "बरं झालं की नाही? बाई खूश होती. कधीपर्यंत कळवतील म्हणाली?"

"काका, ते उलटं आहे," मी म्हटलं. "जितकं वाईट सांगू तितके गुण. गुण जास्त, तितकी खोली लवकर."

मॉल गेला, हायवेचा पूल गेला.

"म्हणजे मी नापास," तुम्ही म्हणालात.

"हो."

"टाय लावून."

आणि तुम्ही हसायला लागलात, पुढच्या सीटवरची बाई वळून बघेपर्यंत. मला हसू आलं नाही. मला त्या दिवशी फक्त राग आला होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. तुमच्यावर थोडा होताच. आपल्याला लहानपणापासून हेच शिकवलेलं असतं ना. कचेरीतला माणूस, शाळेतला साहेब, स्थळ बघायला आलेली मंडळी, यांच्यासमोर कपाटातले चांगले कप काढायचे. कसं काय विचारलं की मजेत म्हणायचं. आत काय फुटलंय ते दारातल्या माणसाला दाखवायचं नाही. तुम्ही केलीसमोर चांगले कप काढलेत. तिनं ते मोजले आणि लिहून घेतलं, की या घरात कप आहेत.

तुमचं एकही उत्तर खोटं नव्हतं. पण आंघोळ रोज करता तर ती बेसिनवर, वॉशरूम रिकामं व्हायची वाट बघून, हे कुणी विचारलं नाही. सिक्युरिटीवाले सर म्हणतात ते तुम्ही दर काही तासांनी आपणहून जागा बदलता म्हणून, हेही कुणी विचारलं नाही. जो माणूस स्वतःला सावरून धरायला दिवसाचे सगळे तास खर्च करतो, त्याचा सावरलेपणाच त्याच्या विरुद्ध पुरावा होतो. हे ज्यांनी ठरवलं त्यांच्या घरी बहुतेक कुणी पाहुणा येण्याआधी पसारा आवरत नसावं.

फेरतपासणी मागता येते, हे मी शोधून काढलं. डॉक्टरचं पत्र जोडायचं, वस्तुस्थिती नव्यानं सांगायची. तुम्ही लंगडायला लागला होतात. "बूट चावतोय," म्हणायचात. एकदा तुम्ही बाकावर मोजा काढताना मी आले. तुम्ही पटकन पाय आत ओढलात, पण मी टाचेची जखम पाहिली होती, आणि तिचा रंगही.

"डॉक्टरकडे जाऊ. आणि हे फेरतपासणीत सांगू," मी म्हटलं.

"माझा पाय आहे तो. त्यांच्या फाइलीला जोडायचा कागद नाही."

"मग मी लिहिते. तुमच्यावर. सगळ्यांना कळू दे इथे काय चालतं ते."

"माझ्या नावाचं पत्रक काढायचं नाही," तुम्ही म्हणालात. आवाज चढवला नाहीत, पण कॉफी तशीच ठेवलीत. "ताईच्या कानावर गेलं तर ती तिथं जेवायची नाही."

मग आपलं ते भांडण झालं. तुम्ही विचारलंत, "ती बाकावरची बाई आठवते? एका बुटाची?"

"हो."

"खोली एकच रिकामी असली, तर कुणाला द्यायची? तिला का मला?"

"हा प्रश्नच चुकीचा आहे काका. एकच का असावी? दोघांनाही मिळाली पाहिजे. रांग लावून, कोण जास्त रडतो ते बघून..."

"ते तुझ्या पत्रकात लिही. बरोबरच आहे ते. पण आज दुपारी खोली एकच आहे. सांग."

"हीच त्यांची युक्ती आहे. तुमच्यातच भांडण लावायचं."

"युक्ती असेल. पण बाई खरी होती का नाही?"

"होती," मी म्हटलं. तुम्ही म्हणालात, "मी माझं रडगाणं मोठं करून तिच्या पुढं जायचं, हे मला जमायचं नाही बघ. मला दोन्ही बूट आहेत."

पुढे कितीतरी दिवस आपण हेच बोलत होतो. मी दुधाचा फेस काढता काढता, तुम्ही काउंटरला टेकून. कधी मी चिडायची, कधी तुम्ही. तुम्ही चिडलात की मिरजेतल्या कुठल्यातरी हेडमास्तरांची नक्कल करून विषय संपवायचात. डॉक्टरकडे तुम्ही गेला नाहीत. दर वेळी कुणीतरी यायचं असायचं.

शेवटी ज्या दिवशी तुम्ही कोसळलात, त्या दिवशीही कुणीतरी आलं होतं. सोलापूरचं एक जोडपं, नुकतंच उतरलेलं. त्यांची ट्रॉली तुम्ही ढकलत होतात. त्या बाईनं मराठीतून मदतीसाठी हाक मारली आणि मी काउंटर सोडून धावले. तुमचं अंग भाजत होतं. ॲम्ब्युलन्सवाले तुम्हाला स्ट्रेचरवर घेत होते आणि तुम्ही त्या नवऱ्याला सांगत होतात, "बस उजवीकडच्या दारातून. टॅक्सी करू नका."

हॉस्पिटलमध्ये तुमच्या डाव्या पायाची बोटं काढली. दोन दिवसांनी तिथल्या समाजसेविका आल्या, तेच प्रश्न घेऊन. या वेळी मी दाराबाहेर उभी राहिले. आत खुर्चीवर बसले असते तर पुन्हा तुम्हाला माणसं आहेत असं लिहिलं गेलं असतं. काचेतून मला तुमचा चेहरा दिसत होता. तुम्ही हळूहळू बोलत होतात. एकदा त्यांनी काहीतरी विचारलं आणि तुम्ही भिंतीकडे तोंड फिरवलंत. त्या काय विचारत होत्या ते मी तुम्हाला कधी विचारलं नाही.

बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, आता हे प्राधान्यात येतात. इथून सुटल्यावर रस्त्यावर जाऊ देणार नाही, खोली बघतो आहोत. त्यांच्या डोळ्यांत समाधान होतं. मी थँक यू म्हणाले. आणखी काय म्हणणार होते?

आत गेले तर तुम्ही म्हणालात, "मार्चला उडालो, ऑक्टोबरला सुटलो."

"काका, प्लीज."

"अगं, हस की. पेपर तोच होता. या वेळी बोटं कापून गेलो, म्हणून पास केलं."

मी हसले. तुमच्यासाठी हसले, आणि मग मला वॉशरूममध्ये जाऊन तोंड धुवावं लागलं. परत आले तेव्हा तुम्ही छताकडे बघत होतात. म्हणालात, "एक विचारून ये. त्या खोलीत पाहुणा ठेवू देतात का? पहिल्या रात्री पोरांना कुठं जायचं कळत नाही. नवीन देश, खोली बघितलेली नसते. एक रात्र माझ्याकडं राहिली तर बरं."

तुम्ही अजून खोली पाहिली नव्हती. ती कुठे असेल, कधी मिळेल, काही माहीत नव्हतं. तुम्ही त्यात दुसऱ्या कुणाचा तरी बिछाना घालत होतात.

मी विचारलं, काका. समाजसेविकांनी चौकशी करून सांगते म्हटलं. उत्तर आलं तोपर्यंत जंतुसंसर्ग रक्तात गेला होता आणि तुमच्या तोंडावर मास्क होता. मी हात धरून बसले होते, पण तुम्हाला ऐकू येत होतं की नाही कोण जाणे. दुपारी, बाहेर लख्ख ऊन असताना, तुम्ही गेलात. उत्तर सांगायचं राहिलं ते इथे सांगते. पाहुणा चालतो. आधी कळवावं लागतं, पण चालतो.

ताईंना फोन करायचं काम माझ्याकडे आलं. तुमच्या फोनमधला रविवारचा नंबर. रडून झाल्यावर त्यांनी विचारलं, "त्याच्या घरातलं सामान कोण आवरणार गं?"

तुम्हाला ठाऊक आहे मला खोटं बोलता येत नाही. येतं, पण घरच्या वळणामुळे त्रास होतो. मी म्हटलं, "ताई, एक बॅग आहे."

"बास? एवढंच?"

"एवढंच," मी म्हटलं.

मग ताई म्हणाल्या, "मला माहीत होतं. रविवारी फोन आला की मागं ती बाई सारखी बोलायची. अमुक विमान, तमुक दार. आधी वाटलं नोकरीला लागलाय तिथं. पण दिवाळीलाही तीच बाई, आणि पाडव्यालाही. घरातनं एकदा तरी फोन करील की नाही माणूस? मी विचारलं नाही गं. त्याला वाईट वाटलं असतं."

तुम्ही त्यांना वाईट वाटू नये म्हणून बोलला नाहीत. त्यांनी तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून विचारलं नाही. इतके दिवस दर रविवारी तुम्ही दोघं एकमेकांना असं जपत होतात. फोन ठेवल्यावर मी स्मशानाच्या कागदांवर सह्या करायला गेले.

तुम्हाला निरोप द्यायला पोरं आली होती. शिफ्ट बदलून, कुणी किचनर गावाहून पहाटेची बस पकडून. प्रत्येकाकडे तुमची एकेक सूचना होती. एका मुलीला तुम्ही सांगितलं होतं, पहिला महिना आरशासमोर उभं राहून मोठ्यानं मराठी बोल, नाहीतर स्वतःचा आवाज विसरशील. ती ते अजून करते म्हणाली. तुम्ही कुठे राहता हे त्यांतल्या एकालाही माहीत नव्हतं. सगळ्यांना वाटायचं, काका कुणालातरी घ्यायला आले होते. मला वाटतं, तसं ते खरंही होतं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला अजून आलेलं नाही. आज दुपारी खोली एकच असेल तर कुणाला? मी अजूनही म्हणते की खोली एकच असणं हा गुन्हा आहे, आणि तो बाकावरच्या बाईचा नाही आणि तुमचाही नाही. ज्या देशात एअरपोर्टला इतकी दारं परवडतात त्याला माणसांसाठी दारं जड होऊ नयेत. पण तुम्ही विचारत होतात ते वेगळं होतं, हे मला आता कळतं. तुम्ही विचारत होतात, की मोठा न्याय येईपर्यंत छोट्या दुपारी माणसानं कसं वागायचं. तुम्ही वागून दाखवलंत. त्याची किंमत तुमच्या पायानं भरली, म्हणून ते मला मान्य करवत नाही. तरी त्या बाईसाठी दार धरून उभे असलेले तुम्ही मला दिसता, आणि माझं भांडण अर्ध्यावर थांबतं.

तुम्ही बाजूला झालात म्हणून तिला खोली मिळाली का, ते मला कळलेलं नाही. केली सांगू शकत नाही म्हणाली. नियम आहे.

आणि हो, तुमचं आडनाव मी कुठेही लिहिलेलं नाही. एवढं ऐकलं तुमचं. बाकीचं लिहिलं, कारण ताई म्हणाल्या, "लिही. आता त्याला लाज वाटायची नाही." लाज तुम्हाला कधीच वाटायला नको होती, काका. ती ज्यांना वाटायला हवी होती त्यांची झोप चांगली लागते.

मला या देशात तुम्ही घेऊन आलात. तुम्ही विमानतळावर होतात म्हणून मी परत फिरले नाही. हे तुम्हाला सांगायचं होतं. कॉफी देता देता कधीतरी सांगून टाकेन असं वाटायचं.

आता तुमच्याकडे वळते, वाचणाऱ्यांकडे.

तुमच्या ओळखीत असा एक जण आहे. देवळात प्रसाद झाल्यावर भांडी घासायला थांबणारा. मंडळाच्या कार्यक्रमाला सगळ्यांच्या आधी येणारा आणि हॉलला कुलूप लागेपर्यंत न जाणारा. लायब्ररी कधी उघडते, कुठल्या जिममध्ये शॉवर चांगला आहे, हे ज्याला जरा जास्तच माहीत असतं. कुठे राहता विचारलं की "इथंच, जवळच" म्हणणारा. या आठवड्यात त्याला बाजूला घ्या आणि विचारा, काल रात्री कुठे झोपलात? तो मजेत आहे म्हणेल. त्याला वाईट वाटेल या भीतीनं तिथे थांबू नका. दुसऱ्यांदा विचारा, आणि उत्तर येईपर्यंत शेजारी बसा. त्याला सांगा, की घरासाठी होते ती मुलाखत आपल्याला ठाऊक आहे तसल्या मुलाखतींसारखी नाही. इथे सगळ्यांत वाईट दिवस सांगायचा असतो, आणि तो सांगितल्यानं माणूस लहान होत नाही.

मग त्याच्याबरोबर त्या टेबलापर्यंत जा. पलीकडची व्यक्ती तुमच्याकडे बघून म्हणेल, यांना माणसं आहेत. तेव्हा केलीचं 'सपोर्ट' ऐकून मी गप्प बसले तसं तुम्ही बसू नका. सांगा, की मी यांना ओळखते, माझा यांच्यावर जीव आहे, आणि यांना राहायला जागा नाही. तिन्ही वाक्यं लिहून घ्यायला लावा. लिहून घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.